‘बरं हाय’ म्हणायचं न्हाय

कुकरची शिट्टी झाली आणि छकुलीची अर्धी वेणी माझ्या हातातून सुटली.

घरात शांतता होती. म्हणजे आमच्या घरात असायची तशी, पंखासुद्धा दबकून फिरायचा. त्या शांततेत एकदम... फिस्स्स! छकुलीनं मान वळवून मोठ्ठे डोळे केले.

"आई, आपला पण कुकर वाजतो?"

सहा वर्षांच्या पोरीला हे माहीत नव्हतं. कारण पाच वर्षं आमच्या कुकरला शिट्टीच नव्हती. आम्ही ती काढून देवघरातल्या डब्यात ठेवली होती.

रणजित, माझा नवरा, शहरात अग्निशमन दलात होता. पाच वर्षांपूर्वी तिथल्या बाजारात बॉम्बस्फोट झाला, तेव्हा पोहोचलेल्या पहिल्या गाडीवर तो होता. इंदापूरला घरी आला, अंघोळ केली आणि म्हणाला, "बरं हाय." पुढची दोन वर्षं कुणी काहीही विचारलं तरी एवढंच. फक्त कुकर वाजला की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मग आम्ही शिट्टी काढली. मोबाईल मुके केले. दाराच्या कडीला चिंधी बांधली. घर जितकं गप्प केलं तितका तोही गप्प होत गेला. आणि सुट्टीवर इंदापूरला आला असताना, एका भर दुपारी, सरळ रस्त्यावर, त्याची मोटारसायकल कॅनॉलच्या पुलावरून खाली गेली. कागदावर अपघात आहे. त्या शब्दापुढं मी आजवर एक शब्द लिहिलेला नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. पदराला हात पुसत म्हणाल्या, "बगतीस काय अशी? शिट्टी देवाजवळ ठेवून तिची काय पूजा करू? आजपास्नं वाजंल. ज्यांनी बॉम्ब लावला त्यांच्या भ्यानं माझं घर मुकं ऱ्हायचं न्हाय."

मी छकुलीची वेणी पुरी केली. बारामतीची बस सुटायची होती.

*

मी मूळची नर्स. रणजित गेल्यावर मानसिक प्रथमोपचार शिकले आणि आता तेच शिकवते. हल्ला झाला, स्फोट झाला, की आधी पोहोचतात ती माणसं म्हणजे रुग्णवाहिकेचे चालक, होमगार्ड, आगीच्या बंबावरची पोरं. जखमींना कसं उचलायचं हे त्यांना सगळे शिकवतात. उचलून घरी आल्यावर काय होतं, ते मी शिकवते. हात का थरथरतो, डाळीची फोडणी नाकात गेली तरी पोटात का ढवळतं, आणि हे सगळं होणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

बारामतीत पाच दिवसांचं शिबिर होतं. पाडवा नुकताच होऊन गेलेला. मार्केट यार्डामागच्या पटांगणात पहिल्याच सकाळी सराव ठेवला होता. खोटा स्फोट, खोटे जखमी, रक्त म्हणून बिटाचा रस. जखमींच्या मनगटांवर रंगीत फिती बांधायच्या. लाल म्हणजे याला आधी न्या. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे चालतोय. आणि काळी म्हणजे... याच्यासाठी थांबू नका.

फिती बांधणारी एक मुलगी आली नव्हती, म्हणून संयोजक साहेबांनी गठ्ठा माझ्या हातात कोंबला. मी पळतपळत एका ट्रॉलीमागं गेले. तिथं एक माणूस उताणा पडला होता. तिशीचा, उन्हानं रापलेला, कपाळावर बीट. छातीवर अडकवलेली चिठ्ठी रसानं भिजून वाचता येत नव्हती. मी हाक मारली. उत्तर नाही. खांदा हलवला. हालचाल नाही. मागून साहेबांची शिट्टी, वेळ संपत आलेली... मी काळी फीत बांधली आणि उठले.

"मॅडम," मेलेला माणूस म्हणाला, डोळे न उघडता, "मी मेलो व्हय?"

मी केवढ्यानं दचकले!

"तुम्ही... तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

"झोप लागली होती." आता त्यानं एक डोळा उघडला. "श्वास तरी बगायचा हुता. चांगला घोरत हुतो."

"मेलेले बोलत नाहीत," मी रागानं म्हटलं. राग माझाच मला आला होता. नर्स मी, आणि श्वास न बघता काळी फीत बांधते!

"बरं, न्हाय बोलत." त्यानं डोळा मिटला. मग हळूच, "मेलेल्याला चहा चालतो का पण?"

तो अविराज. पणदरे गावचा, रुग्णवाहिकेचा चालक. दिवसभर त्यानं ती फीत सोडली नाही. जेवणाच्या रांगेत ताट पुढं करून म्हणाला, "मयताला दोन लाडू द्या, लांबचा प्रवास हाय." संध्याकाळपर्यंत सगळं शिबिर त्याला मयतच म्हणायला लागलं. मयत, पाणी आण. मयत, गाडी मागं घे. मला हसू यायचं, आणि मी ते वहीच्या आड लपवायचे. बऱ्याच दिवसांनी वहीचा असा उपयोग झाला.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट वेगळीच घडली.

सराव संपला आणि पन्नास-साठ माणसं, कुणी न सांगता, पटांगणाच्या कडेच्या नळावर गेली. पाय धुतले. मग नळाशेजारच्या कडुलिंबाची डहाळी मोडून एकेकानं चार-चार पानं तोंडात टाकली. अगदी मातीला जाऊन आल्यावर करतात तसं.

"अहो, हे काय करताय?" साहेब ओरडले. "खोटी माणसं होती ती! सराव होता!"

साठीचे होमगार्ड दत्तोबा तात्या ओशाळले. पानं गालात तशीच. "चुकलं साहेब. पर एवढी मढी बगितल्यावर तसंच घरात कसं जायाचं? घरी ल्हान लेकरं हायत."

सगळे हसले. मी नाही हसले.

रणजितला आम्ही काय दिलं होतं? गरम पाणी, टॉवेल आणि शांतता. जो माणूस एका दिवसात तीस मढी बघून आला, त्याच्यासाठी उंबऱ्यावर ना तांब्याभर पाणी ठेवलं, ना कडू पान. ते आपलं कुणी नव्हतं, ती ड्युटी होती, म्हणून.

त्याच संध्याकाळी शिकवताना दाखवायला आणलेली चित्रफीत मी बॅगेत टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना झाडाखाली उभं केलं आणि म्हटलं, "आजपासून हाच धडा. कामावरून आलं की पाय धुवायचे, पाला चावायचा आणि घरात पाऊल टाकायच्या आधी एक वाक्य बोलायचं. खरं वाक्य. सक्ती नाही. जमत नसेल तर 'आज नको' म्हणा, तेही खरंच आहे. फक्त एक वाक्य इथं चालणार नाही."

"कंचं?" दत्तोबा तात्यांनी विचारलं.

"बरं हाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी तरी म्हणालं, "मॅडम, मंग आमी बोलायचं काय? एवढंच तर येतंय!"

"ज्यानं बॉम्ब ठेवला," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच नवीन वाटला, "त्याला मेलेल्यांशी काही देणंघेणं नसतं. त्याला जिवंत माणसं हवी असतात. दचकणारी, गप्प बसणारी. बाजारातला स्फोट एका क्षणाचा असतो. माझ्या घरात तो दोन वर्षं चालला होता. तुमच्या घरात मी तो शिरू देणार नाही."

मग दत्तोबा तात्यांनी पाला चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "महापुरात मी एका बाईचा हात धरला हुता... सुटला. बारा वरसं झाली. बायकूला बी बोललो न्हाय."

झाडाचा मोहोर आमच्या डोक्यांवर झरत होता. पानं कडू आणि वास गोड, असं ते झाड.

*

बारामतीहून इंदापूरची शेवटची बस दुसऱ्याच दिवशी चुकली. चुकली म्हणजे... मी जरा सावकाश चालले. अविराजची ड्युटी संपली होती आणि त्याच्याकडं त्याच्या चुलत्याची जुनी जीप होती.

"मयताच्या गाडीत बसाल का?"

"तुम्ही चालवणार की तुम्हाला झोप लागणार?"

"तुमी शेजारी असल्यावर कुणाची छाती हाय झोपायची?"

ऊन उतरत होतं. दोन्ही बाजूंनी उसाची वाळलेली पाचटं, मधे डाळिंबाच्या बागा. जंक्शन गाव लागलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "हितं उतरून रेल्वे पकडू का?"

"जंक्शनला रेल्वे नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"तेच म्हणतो. नावात असतंय ते गावात असतंयच असं न्हाय. मला मयत म्हणत्यात, मी कुठं मेलोय?"

मी हसले. पण मला एक गोष्ट दिसत होती. दोन दिवस झाले, त्यानं पाला चावला नव्हता. पानं तोंडाशी न्यायचा, काहीतरी गंमत करायचा आणि सगळे हसत असताना ती खिशात सरकवायचा. वाक्याची वेळ आली तेव्हाही म्हणाला, "मी काय, मयत माणूस." साधं 'आज नको' सुद्धा नाही. रणजित न बोलून गप्प होता. हा बोलून गप्प होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं छकुलीसाठी पेरू आणले. चौथ्या दिवशी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीप थांबवून, स्टेअरिंगकडं बघत म्हणाला, "रविवारी... येऊ का घरी? आत्यांना भेटायला."

"आत्यांना?"

"त्या बी हायतच की घरात."

हो म्हणायला जीभ उचलली होती. पण डोळ्यांपुढं चिंधी बांधलेली कडी आली.

"अविराज, मनगटावरची फीत का सोडत नाही?"

"आवडलीय."

"खरं सांगा."

"बरं हाय की सगळं..." तो बोलून गेला आणि थांबला.

"बघा," मी म्हटलं. "माझ्या घरात ह्या दोन शब्दांनी एक माणूस खाल्लाय. तुम्ही मला आवडता. हो, आवडता, लाजत नाही मी सांगायला. पण आणखी एक गप्प माणूस मी त्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. पोरीला पुन्हा चवड्यावर चालायला नाही शिकवणार. उद्या शेवटचा दिवस. नाहीतर... पेरूंबद्दल आभार."

त्यानं स्टेअरिंगवरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाला, "तुमाला सोपं हाय, मॅडम. आमच्यात एकदा का डोक्याचं म्हणून नाव पडलं, की स्टेअरिंग जातंय. मला दुसरं काय येतंय? आन् स्टेअरिंग गेलं, की ह्ये हसणारं मयत बी ऱ्हायचं न्हाय."

त्याचं खोटं नव्हतं. मी उतरले. दार हळू लावलं. सवय... मग परत उघडलं आणि धाडकन लावलं.

*

पाचव्या दिवशी संयोजक साहेबांनी सगळ्यांसमोरच माझ्यापुढं कागद ठेवला. "मॅडम, यात कच्चे कोण कोण वाटले, त्यांची नावं लिहा. पुढच्या वेळी त्यांना बाजूला ठेवू."

झाडाखाली दत्तोबा तात्या पायाकडं बघायला लागले. अविराज सगळ्यांच्या मागं, जीपला टेकून.

मी पेन घेतलं. वर पहिलं नाव लिहिलं आणि कागद परत केला.

साहेबांनी वाचलं. "प्रगती रणजित... अहो, हे तुमचंच नाव आहे!"

"हो. चार दिवसांपूर्वी घरचा कुकर वाजला आणि मी दचकले. एका जिवंत माणसाला मेलेला ठरवलं, ते साठ जणांनी बघितलंय. मी कच्ची असेन तर मला काढा. बाकी एकही नाव मिळणार नाही. थकलेल्याला चार दिवस सुट्टी द्या, बरोबर माणूस द्या. शिक्का द्याल तर हे उद्यापासून परत 'बरं हाय' म्हणतील, आणि मग पुढच्या वेळी खरंच कुणी तरी गाडी पुलावरून खाली घालेल. तेव्हा सही कुणाची घ्यायची?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागदाकडं पाहिलं, घडी घातली, पुन्हा उघडली. "वर काय कळवू मग?"

"कळवा, की साठ माणसं बोलली."

"एकोणसाठ," मागून आवाज आला.

अविराज पुढं आला. नळावर गेला. पाय धुतले, अगदी टाचांपर्यंत घासून. डहाळी मोडली. पानं तोंडात टाकली आणि या वेळी खरोखर चावली. कडू त्याच्या डोळ्यांपर्यंत चढलेलं मला दिसलं.

"पाच वर्षांमागं," तो म्हणाला, "शहरात बाजारात स्फोट झाला. सगळ्या तालुक्यांतनं गाड्या बोलवल्या हुत्या, माझी बी गेली. फिती बांधायला माणूस कमी हुता. माझ्या हातात दिल्या."

तोच बाजार. तोच दिवस. मी झाडाच्या बुंध्याला हात लावला.

"एका माणसाला काळी बांधली. नियम बरुबर हुता, डॉक्टरनी बी नंतर तेच सांगितलं. पर मी उठताना त्याचं बोट हाललं. ह्ये बोट." त्यानं स्वतःची करंगळी धरली. "मी थांबलो न्हाय. दुसऱ्याला उचललं. दुसरा वाचला. तरी पाच वरसं... डोळा मिटला की ते बोट हालतंय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "त्या दिवशी मॅडमनी मला काळी बांधली ना, ट्रॉलीमागं... तवा मी झोपल्यालो न्हवतो. पडल्या पडल्या अंग जे गार पडलं, तुमी हाक मारताय ते ऐकू येत हुतं, पर तोंड उघडंना. आन् फीत बांधली तसं वाटलं, चला, फिटलं. त्या रात्री पाच वर्षांत पयल्यांदा सलग झोपलो. म्हणून सोडत न्हाय."

घोरत होतो, म्हणाला होता. आणि मीही ते मानलं होतं!

कुणी हसलं नाही, कुणी समजूत घातली नाही. मीच तसं शिकवलं होतं. दत्तोबा तात्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला. अविराज पाणी प्यायला, मग मनगट माझ्यापुढं धरलं.

"सोडा आता. मी मेलेलो न्हाय."

पाच दिवसांच्या घामानं गाठ आवळली होती. नखानं निघेना. शेवटी मी वाकून दातानं सोडवली. त्याची नाडी माझ्या ओठांपाशी उडत होती, अगदी स्पष्ट, आणि मला एवढी लाज वाटली की सांगता सोय नाही. साठ माणसांना एकदम खोकला झाला.

"अजून एक वाक्य हाय," तो कुजबुजला.

"एका वेळी एकच."

"ह्ये पाला न चावता सांगायचंय, प्रगती. ह्ये गोड हाय."

त्यानं पहिल्यांदाच मॅडम वगळलं होतं.

"मग रविवारी सांगा," मी म्हटलं. "अकराला या. आत्यांना भेटायला."

संयोजक साहेब जाताजाता माझ्यापाशी थांबले. अविराजला आठ दिवसांची सुट्टी आणि त्यानंतर स्टेअरिंग परत, एवढंच म्हणाले. कागदाची घडी त्यांनी खिशात घातली. त्यावर अजून एकच नाव होतं.

*

रविवारी अकराला पाच कमी असताना तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, हातात पेढ्यांचा पुडा. उंबऱ्यावर आत्यांनी तांब्याभर पाणी ठेवलं होतं. त्यानं पाय धुतले. आत्या त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या.

"पणदऱ्याचा ना तू? आमच्या शेजारणी आत्ताच खिडकीत लटकल्यात. उद्या गावभर हुईल."

"लोक काय म्हणत्याल..." तो चाचरला.

"लोक जे म्हणत्याल ते लोकांच्या घरी. हितं माझी सून काय म्हणती ते चालतं." आणि मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "माझी लेकच हाय ती आता."

मी पेढ्यांचा पुडा सोडवत बसले. त्याचीही गाठ निघेना.

अविराज खुर्चीच्या टोकावर बसला. छकुली त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या मनगटावरचा फितीचा पांढरा वण निरखत होती. तो माझ्याकडं वळला, हलकेच म्हणाला, "ते वाक्य..."

आणि फिस्स्स! कुकर वाजला.

माझ्या हातातला पुडा त्याच्या गुडघ्याला लागून उडाला, फाटला, पेढे जमिनीवर घरंगळले. तो उभा होता, भिंतीला पाठ लावून, अगदी तसाच. आता म्हणेल. आता ते दोन शब्द म्हणेल...

"दचकलो," अविराज म्हणाला. श्वास लागलेला. "लई दचकलो."

"दचकलास तर दचकलास," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित हलला, पण पाय हलला नाही. "शिट्टी काढणार न्हाय मी. अजून दोन हायत. ये हिकडं, मोज माझ्यासंगं."

तो भिंतीपासून सुटला. एक पाऊल, दुसरं. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचा हात धरला, आत्यांसमोर, पोरीसमोर, उघड्या खिडकीसमोर. आम्ही चौघं कुकरकडं बघत उभे राहिलो. गॅसचा सूं सूं आवाज. शिट्टी थरथरायला लागली.

"आली, आली..." छकुली कुजबुजली.

फिस्स्स!

"दोन!" चौघं एकदम ओरडलो. त्याची बोटं माझ्या हातात आवळली गेली आणि सैल झाली. तिसरीला तो फक्त पापणीनं दचकला. "तीन!" म्हणताना त्याला हसू फुटलं. कपाळावर घाम होता, आणि तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मला तुमी पायजे. ह्येच वाक्य हुतं."

"मलाही," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आत्यांनी गॅस बंद केला आणि पदर डोळ्यांना लावला.

छकुली पेढे गोळा करायला खाली बसली होती. एक पेढा फुंकून तोंडात टाकत तिनं मान वर केली.

"आई, आजी म्हणली, बाबा पण असाच दचकायचा. मग तेव्हा आपण शिट्टी का काढून ठेवली? त्याच्यासंगं अशी मोजली का नाही?"